परदेशी सरीसृपांचा छंद : घरातील हौस, वस्तीचा धोका

साप हा महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला अपरिचित प्राणी नाही. पावसाळ्यात बांधावर, गवताच्या गंजीत किंवा घराच्या वळचणीला तो दिसतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असतात. नागपंचमीला सापाची पूजा होते आणि एरव्ही त्याच्यापासून चार हात दूर राहावे, असे वडीलधारी माणसे सांगतात. गारुड्याच्या पेटाऱ्याचा अपवाद सोडला, तर सापाला घरात आणून ठेवावे ही कल्पना आपल्या समाजात कधी रुजली नव्हती.

गेल्या काही वर्षांत ही स्थिती पालटू लागली आहे. दूरदूरच्या देशांतील साप, सरडे, घोरपडी आणि कासवे हौसेखातर घरात बाळगण्याची प्रवृत्ती शहरांतून वाढत आहे व तिच्याबरोबर या प्राण्यांची चोरटी वाहतूकही वाढत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी बँकॉकहून मुंबईस आलेल्या एका प्रवाशाकडून बिस्किटे व केक यांच्या पुड्यांत दडविलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक हस्तगत केले. हे ११ साप बिनविषारी होते. त्यानंतर दीड वर्षाने, २०२५ च्या जून महिन्याच्या आरंभी, थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ४७ साप सापडले. ते सर्व विषारी होते. त्यांपैकी ४४ इंडोनेशियातील चापडे होते. उरलेले ३ साप पश्चिम इराणच्या डोंगराळ भागात आढळणाऱ्या शिंगी व्हायपरच्या एका विलक्षण जातीचे होते. या सापाच्या शेपटीचे टोक हुबेहूब कोळ्यासारखे दिसते आणि ते हालवून तो पक्ष्यांना जवळ ओढतो. याच सामानात ५ कासवेही होती.

या दोन घटनांतील फरक विचार करण्यासारखा आहे. चोरट्या मार्गाने येणारे प्राणी आता केवळ रंगीबेरंगी आणि निरुपद्रवी राहिलेले नाहीत. ज्याच्या दंशावर आपल्या देशातील कोणत्याही रुग्णालयात खात्रीचा उपचार नाही, असा साप एखाद्या वस्तीतील बंद खोलीत असू शकतो आणि शेजाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणूनच हा प्रश्न एखाद्याच्या खाजगी आवडीनिवडीचा राहत नाही. त्याचा संबंध सार्वजनिक आरोग्याशी, शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेशी आणि गावच्या तळ्या-ओढ्यांशी पोहोचतो. हा संबंध कसा पोहोचतो आणि त्याबाबत काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हौसेचे स्वरूप

सरीसृप बाळगणाऱ्यास आरंभी ते सोपे वाटते. त्याला रोज फिरावयास न्यावे लागत नाही, तो आवाज करीत नाही, अंगावर केस नसल्यामुळे घर खराब होत नाही. साप तर आठवड्यातून एकदा, कित्येकदा त्याहूनही कमी वेळा खातो. विक्रेता जो प्राणी दाखवितो तो बहुधा पिल्लू असतो. तळहातावर मावणारे हिरव्या इग्वाना सरड्याचे पिल्लू पुढे शेपटीसह दीड मीटर किंवा त्याहून अधिक लांबीचे होते. ब्रह्मदेशी अजगराचे पिल्लू जन्मतः हातभर लांबीचे असते आणि पूर्ण वाढ झालेली मादी ५ मीटरपेक्षा लांब असू शकते. बॉल पायथन लहान चणीचा असला, तरी तो २० ते ३० वर्षे जगू शकतो. शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला प्राणी त्या मुलाचे शिक्षण, नोकरी आणि विवाह होऊन गेल्यावरही घरात असतो, हे खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

या प्राण्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. त्यांना रात्रंदिवस ठराविक उष्णता, ठराविक ओलावा आणि काही जातींना विशिष्ट प्रकारचा प्रकाश पुरवावा लागतो. हे साधले नाही तर अन्न पचत नाही, हाडे ठिसूळ होतात आणि प्राणी कुढत कुढत मरतो. त्याच्यावर उपचार करू शकणारे पशुवैद्यही आपल्याकडे थोडे आहेत. शिवाय कुत्रा किंवा गाय ज्या अर्थाने माणसाळते, त्या अर्थाने साप माणसाळत नाही. हजारो वर्षांच्या सहवासातून आणि निवडीतून कुत्र्याच्या स्वभावात जो बदल घडला, तसा बदल सापात झालेला नाही. तो हाताळणीला सरावतो, एवढेच. भूक, भीती किंवा कात टाकण्याचा काळ यांमुळे त्याचे वर्तन केव्हा बदलेल, हे पाळणाराही सांगू शकत नाही. आणि साप ज्या फटीतून डोके बाहेर काढू शकतो, त्या फटीतून तो सगळाच बाहेर पडू शकतो, असे या विषयातील अनुभवी माणसे सांगतात.

प्रतिविषाची मर्यादा

विषारी परदेशी सापाचा खरा धोका समजून घ्यावयाचा, तर सर्पदंशावरील प्रतिविष कसे तयार होते हे माहीत असावयास हवे. सापाचे विष अत्यंत अल्प प्रमाणात व वाढत्या मात्रेने घोड्याला टोचले जाते. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. त्या रक्तातील द्रव काढून, शुद्ध करून त्याचे औषध बनविले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडले गेले आहे. हे औषध ज्या सापांचे विष घोड्याला टोचले गेले असेल, प्रामुख्याने त्याच सापांच्या दंशावर गुणकारी ठरते.

भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनविलेले असते. देशातील विषबाधेचे बहुतांश मृत्यू या चार सापांमुळे होत असल्याने ही निवड योग्यच आहे. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट आहे. आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या एका लहान चापड्याच्या दंशावर हे प्रतिविष उपयोगी पडत नाही, असे वैद्यांना आढळून आले आहे. मग आफ्रिकेतील माम्बा, गबून व्हायपर किंवा इराणमधील शिंगी व्हायपर यांच्या दंशावर त्याचा भरवसा कसा धरावा? अशा सापांसाठीची प्रतिविषे जेथे बनतात ते देश हजारो किलोमीटर दूर आहेत आणि काही जातींसाठी तर विशेष प्रतिविष कोठेच बनत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात दंश झालेला रुग्ण आला आणि साप कोणता हे सांगावयासही कोणी तयार नसेल, तर डॉक्टरांनी काय करावे?

ज्ञानी माणसालाही हा धोका टळत नाही, याचे एक दुःखद उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. कार्ल पॅटरसन श्मिट हे अमेरिकेतील शिकागो येथील फील्ड संग्रहालयाशी संबंधित असलेले नामवंत सर्पशास्त्रज्ञ होते. सप्टेंबर १९५७ मध्ये एका प्राणिसंग्रहालयाने ओळख पटविण्यासाठी त्यांच्याकडे आफ्रिकेतील बूमस्लँग जातीचा एक लहान साप पाठविला. तो हाताळीत असताना त्यांच्या अंगठ्याला दंश झाला. साप लहान, दंश किरकोळ, म्हणून त्यांनी तो गंभीर मानला नाही. स्वतःच्या शरीरात होत असलेल्या बदलांच्या नोंदी मात्र ते करीत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. या सापाचे विष रक्ताची गोठण्याची क्षमता नष्ट करते आणि त्याचा परिणाम सावकाश दिसू लागतो. त्यावरील प्रतिविष त्या काळी आफ्रिकेबाहेर सहजी मिळत नव्हते. आयुष्यभर सापांचा अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञाची जर ही गत झाली, तर भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून साप हाताळणाऱ्या तरुणाबद्दल वेगळे काय सांगावे? विषाची परीक्षा घेऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

अमेरिकेसारख्या देशात या प्रश्नाची तरतूद म्हणून मोठी प्राणिसंग्रहालये आपल्याकडील विषारी सापांची प्रतिविषे बाळगतात. फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड परगण्याच्या अग्निशमन दलाने तर परदेशी सापांवरील प्रतिविषांचा स्वतंत्र साठा आणि प्रशिक्षित पथक ठेवले आहे. हौशी लोकांनी आणलेल्या धोक्यासाठी सार्वजनिक खर्चाने अशी व्यवस्था उभी करावी लागते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२४ च्या राष्ट्रीय कृति आराखड्यात ठेवले आहे. शेतात राबणाऱ्या माणसासाठी लागणारे प्रतिविष आणि प्रशिक्षित मनुष्यबळ हीच आपली पहिली निकड आहे. तीत हौसेच्या सापांची भर पडू देणे परवडणारे नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या राली या शहरात २०२१ च्या जून महिन्यात घडलेली घटना या दृष्टीने बोलकी आहे. एका घराच्या ओसरीवर एक अनोळखी साप दिसला. चौकशीअंती तो नैर्ऋत्य आफ्रिकेतील झेब्रा कोब्रा, म्हणजे विष थुंकणारा एक नाग असल्याचे समजले. दोन दिवस ती वस्ती जीव मुठीत धरून होती. साप पकडला गेल्यानंतर असे उघडकीस आले, की तो जवळच्याच एका घरातून नोव्हेंबर २०२० मध्येच निसटला होता. म्हणजे सात महिने हा साप मोकळा होता आणि त्याची वर्दी कोणालाही देण्यात आली नव्हती. त्याच साप पाळणाऱ्यास मध्यंतरी, मार्च २०२१ मध्ये, त्याच्याकडील हिरव्या माम्बाचा दंशही झाला होता आणि त्याच्यासाठी शेजारच्या राज्यातील प्राणिसंग्रहालयातून प्रतिविष आणावे लागले होते.

या घटनेत कोणी दगावले नाही. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात असलेल्या कॅम्पबेल्टन या गावी मात्र ऑगस्ट २०१३ मध्ये तसे घडले नाही. तेथे एका घरात ठेवलेला आफ्रिकी अजगर आपल्या पेटीतून सुटला, वायुवीजनाच्या मार्गातून शेजारच्या खोलीत उतरला आणि तेथे झोपलेल्या दोन लहान भावांचा जीव त्याने घेतला. ही मुले त्या घरी रात्रीपुरती पाहुणी म्हणून आली होती. अजगर बिनविषारी असतो, एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. अशा घटना विरळा घडतात हे खरे. पण साप पाळण्याचा निर्णय एकाने घ्यावा आणि त्याची किंमत त्या निर्णयाशी काडीचाही संबंध नसलेल्या लेकरांनी मोजावी, हे या दुर्घटनेचे स्वरूप विसरता येत नाही.

या धोक्याची एक बाजू डोळ्यांना न दिसणारीही आहे. अनेक सरीसृपांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असतात. प्राणी स्वतः धडधाकट दिसतो, परंतु त्याची विष्ठा, त्याच्या टाकीतील पाणी किंवा त्याला लावलेला हात यांवाटे हे जंतू माणसाच्या पोटात जातात आणि जुलाब, ताप, क्वचित रक्तदोष निर्माण करतात. पाच वर्षांखालील मुले आणि वृद्ध यांना हा संसर्ग विशेष घातक ठरतो. अमेरिकेत लहान मुलांमधील अशा रोगाचा संबंध पाळीव कासवांशी असल्याचे दिसून आल्यावर तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. याचे कारणही साधे होते. इतके लहान कासव मूल सहज तोंडात घालू शकते.

फ्लोरिडाचा धडा

पाळलेला प्राणी नकोसा झाला की बहुतेकांच्या मनात येणारा पहिला विचार म्हणजे त्याला सोडून देण्याचा. त्यात भूतदया केल्याचे समाधानही असते. परंतु या एका कृतीतून केवढे नुकसान होऊ शकते, याचा जगातील सर्वांत मोठा पुरावा फ्लोरिडा राज्यातील एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात पाहावयास मिळतो.

ब्रह्मदेशी अजगर हा मूळचा आग्नेय आशियातील आणि आपल्या ईशान्य भारतातील प्राणी. पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तो अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आयात होत असे. १९९६ ते २००६ या काळातच सुमारे ९९ हजार अजगर त्या देशात आणले गेले. एव्हरग्लेड्समध्ये पहिला अजगर १९७९ मध्ये आढळला होता. पुढे मालकांनी सोडून दिलेल्या अजगरांत आणखी भर पडत गेली. ऑगस्ट १९९२ मधील अँड्र्यू नावाच्या चक्रीवादळात एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाले व तेथील अजगरही मोकळे झाले, असे मानले जाते. २००० सालापर्यंत ते तेथे प्रजोत्पादन करीत असल्याचे निश्चित झाले.

यानंतर जे घडले ते आकड्यांतच पाहणे इष्ट. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगर फैलावण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या रात्रकालीन पाहणीची तुलना करण्यात आली. रस्त्याने जाताना दिसणाऱ्या रॅकून या प्राण्यांच्या संख्येत ९९.३ टक्के, ओपॉसमच्या संख्येत ९८.९ टक्के आणि बॉबकॅट या रानमांजराच्या संख्येत ८७.५ टक्के घट आढळली. पाणथळीतील ससे तर दिसेनासेच झाले. अजगरांबरोबर आलेला आशियातील एक फुप्फुसातील परजीवी तेथील स्थानिक सापांतही पसरला. एक मादी एका वेळी ५० ते १०० अंडी घालू शकते आणि तेथे पकडलेल्या सुमारे ९८ किलोग्रॅम वजनाच्या एका मादीच्या पोटात वाढणारी १२२ अंडी आढळली होती. गवतात हा अजगर इतका बेमालूम मिसळतो की, समोरचा अजगर दृष्टीस पडण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असल्याचे अभ्यासक सांगतात. पगारी शिकारी, वार्षिक स्पर्धा, प्रक्षेपक लावलेले नर अजगर असे नाना उपाय योजून आजवर २० हजारांहून अधिक अजगर हटविण्यात आले, तरीही त्यांचे समूळ उच्चाटन आता शक्य नाही, असे तज्ज्ञांचे मत आहे.

यातील विपर्यास असा की, हाच ब्रह्मदेशी अजगर त्याच्या मूळ प्रदेशात शिकार आणि अधिवासाचा नाश यांमुळे संकटग्रस्त प्राण्यांत गणला जातो. आपल्या जागी तो निसर्गाच्या साखळीतला एक दुवा आहे. परक्या जागी त्याला आवर घालणारे कोणी नाही. त्याच राज्यात मोकळे सुटलेले हिरवे इग्वाना कालव्यांच्या आणि किनारभिंतींच्या काठांत बिळे खोदून त्या खिळखिळ्या करतात. अमेरिकेच्या केंद्र शासनाने २०१२ मध्ये ब्रह्मदेशी अजगराच्या आयातीवर बंदी आणली आणि फ्लोरिडाने २०२१ मध्ये १६ सरीसृपांचा समावेश मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. पण तोवर बराच उशीर झाला होता.

आपल्या देशात हा इशारा अगदीच परका नाही. लाल कानाचे कासव म्हणून ओळखले जाणारे उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातील कासव मत्स्यालयाच्या दुकानांतून सर्रास विकले गेले. घरात सौख्य नांदते अशा समजुतीनेही ते घेतले जाते. नाण्याएवढे दिसणारे हे कासव ताटलीएवढे झाले की, त्याला तळ्यात किंवा देवळाच्या पुष्करिणीत सोडण्यात येते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक जातींत त्याची गणना होते. केरळ आणि ईशान्य भारतातील जलाशयांत ते आढळून आले आहे. अन्न आणि उन्हात बसण्याची जागा या दोन्हींसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करते व त्यांना मागे सारते. सापाच्या मानाने कासव गरीब दिसते, म्हणून त्याच्याबाबत निष्काळजीपणाही अधिक होतो.

कायद्याची तरतूद

भारतीय सरीसृपांबाबत कायदा फार पूर्वीपासून स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या देशातील अजगर, घोरपड, तारांकित कासव अशा वन्य प्राण्यांना पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांबाबत मात्र दीर्घकाळ अशी स्थिती होती की, ते देशात आणताना परवाना लागे, परंतु एकदा आत आलेल्या प्राण्याची कोठे नोंद नसे.

संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार १९७३ मध्ये झाला. तो ‘साइट्स’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. जगातील सर्व अजगर, बोआ आणि मगरी तसेच हिरवे इग्वाना यांचा या कराराच्या याद्यांत समावेश आहे. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी स्वेच्छेने माहिती द्यावी, अशी योजना जाहीर केली. त्यानंतर २०२२ मध्ये मूळ अधिनियमात दुरुस्ती होऊन या कराराच्या याद्यांतील प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आणि चौथी अनुसूची यांची भर पडली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली.

तिच्या आधारे फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी ताब्यात असणाऱ्या प्रत्येकाने ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळामार्फत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करणे आवश्यक आहे. आधीपासून बाळगलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली होती. त्यानंतर मिळालेल्या प्राण्याची नोंदणी तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते. प्राण्याचे हस्तांतरण किंवा पिलांचा जन्म यांचीही वर्दी द्यावयाची असते. अशी नोंदणी म्हणजे आयातीचा परवाना नव्हे. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना, कराराखालील प्रमाणपत्र आणि पशुरोगविषयक तपासणी या गोष्टी लागतातच. याच दुरुस्तीने उपद्रवी ठरणाऱ्या परदेशी जातींची आयात, व्यापार आणि बाळगणूक यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला आहे, तसेच अधिनियमाच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी दंडाची मर्यादा २५ हजार रुपयांवरून १ लाख रुपयांपर्यंत वाढविली आहे.

गावपातळीवरील कर्तव्ये

कायदा कितीही चांगला असला तरी बंद दारामागील काचेच्या पेटीपर्यंत तो आपोआप पोहोचत नाही. तेथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि स्थानिक अधिकारी यांचेच साहाय्य उपयोगी पडते.

ज्याच्या घरी असा प्राणी आधीच आहे, त्याला सर्वप्रथम एक गोष्ट पटवून दिली पाहिजे. प्राणी नकोसा झाला तरी तो नदी, तळे, विहीर किंवा रान यांत कदापि सोडू नये. त्याने वन विभागाशी संपर्क साधून नोंदणीविषयी अथवा प्राणी सुपूर्द करण्याविषयी मार्गदर्शन घ्यावे. फ्लोरिडात मालकांना आपले परदेशी प्राणी शिक्षेच्या भीतीविना शासनाकडे सोपविता यावेत, यासाठी मुद्दाम दिवस नेमले जातात. दंडाच्या धास्तीने रात्रीच्या अंधारात सोडलेला प्राणी हा अखेर साऱ्यांचाच तोटा ठरतो, हा अनुभव त्यामागे आहे. समजुतीने बोलणारा सरपंच किंवा वनपाल हे काम कायद्याच्या कलमापेक्षा लवकर साधू शकतो.

प्राणी निसटला असेल, तर ती बातमी लपवू नये. आपली बदनामी होईल, शेजारी भांडतील, अशा भीतीने मालक गप्प राहतो आणि तेवढ्या वेळात प्राणी दूर जातो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तातडीने कळवावे. विषारी जात असल्यास तिचे नेमके नाव जवळच्या रुग्णालयासही सांगून ठेवावे. दंश झालाच, तर डॉक्टरांच्या दृष्टीने ही माहिती अमोल असते.

गावात अनोळखी साप दिसल्यास त्याला मारण्याचा किंवा पकडण्याचा प्रयत्न करू नये. दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी, मुलांना व जनावरांना बाजूस करावे आणि वन विभागाची किंवा अधिकृत सर्पमित्राची वाट पाहावी. साप म्हणून भुई धोपटण्याची आपली जुनी सवय या प्रसंगी पुन्हा उसळण्याची भीती असते. परदेशी सापाच्या एका बातमीपायी शेतातील धामण आणि दिवड मारली गेली, तर उंदीर वाढून नुकसान आपलेच व्हावयाचे.

दंशानंतरचे प्रथमोपचार साप देशी असो वा परदेशी, सारखेच आहेत. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठी, बांगडी, घट्ट कपडे काढावेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे. जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, दोरीने करकचून बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

शिक्षकांचे काम यांहून दूरगामी आहे. मुलांना सरीसृपांविषयी उपजतच कुतूहल असते आणि ते दडपून टाकणे योग्य नव्हे. हे कुतूहल भोवतालच्या निसर्गाकडे वळविता येईल. आपल्या परिसरातील साप कोणते, विषारी व बिनविषारी यांतील भेद काय, पाल घरात काय खाते, तळ्यातील कासव पाणी कसे स्वच्छ ठेवते, हे विषय वर्गात रंगतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सापाला गळ्यात घालून मिरविणारा माणूस धीट दिसतो. त्या चित्रफितीत न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे तस्करीच्या पिशवीत गुदमरून मेलेली पिले, तुटलेले अधिवास आणि रुग्णालयात नसलेले औषध, शिक्षकाने मुलांपुढे मांडाव्यात. कासव भेट म्हणून देण्याचा प्रघात आपल्या शाळेत किंवा गावात असेल, तर तो थांबविण्यासाठी एवढे बोलणेही पुष्कळदा पुरेसे होते.

ग्रामसभेने आपल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत गावातील तळी, बंधारे आणि देवळांच्या कुंडांवर लक्ष ठेवावे. अनोळखी कासव वा सरडा आढळल्यास त्याची नोंद करून वन विभागास कळवावे. फ्लोरिडात पहिला अजगर दिसला आणि तो तेथे स्थिरावला आहे हे मान्य झाले, यांत २१ वर्षे गेली. सुरुवातीस एखाद-दुसरा प्राणी असतो तेव्हाच त्याला हटविणे शक्य असते.

आपल्या जमिनीवर आपले साप पुरेसे आहेत. त्यांच्याशी कसे वागावे हे आपल्या पूर्वजांनी अनुभवातून ठरविले आणि त्यांच्या दंशावरील औषध आपल्या शास्त्रज्ञांनी कष्टाने तयार केले. ज्या सापाविषयी आपल्याला ना हा अनुभव आहे, ना औषध, तो हौसेखातर घरात आणणे म्हणजे शेजारच्या घरातील मुलाला न विचारता धोक्यात लोटणे होय. ही साधी गोष्ट गावोगावच्या शाळांतून आणि ग्रामसभांतून सांगितली गेली, तर विमानतळावर सापडणाऱ्या पिशव्यांना येथे गिऱ्हाईक उरणार नाही.